फसवे मेल ओळखायचे कसे, आणि ओळखता आले नाहीत तर?

निळी_शाई
आमच्या वाचनमंडळाची मेलयादी मी सांभाळते. सभासद बहुतेक साठीच्या पुढचे, काही ऐंशीच्याही. मध्यंतरी त्यांतल्या एका बाईंना मेल आला: 'तुमची मेलपेटी भरली आहे. चोवीस तासांत खात्री न केल्यास खाते बंद होईल.' त्यांनी आधी मला फोन करून विचारलं म्हणून पुढचं टळलं. तो मेल बघून मी हबकले. बोधचिन्ह जागच्या जागी, भाषा स्वच्छ, तळाला 'असे मेल नको असल्यास' वगैरे नेहमीचा बारीक मजकूरसुद्धा. खटकावं असं एकच होतं. बटणावर बोट दाबून धरलं की जो पत्ता उमटत होता तो भलत्याच कुणाचा होता.

'अशुद्ध भाषा दिसली की समजा भामटा' असं आपण सगळ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. हा सल्ला आता मोडीत काढावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो नुसता निरुपयोगी असता तर चाललं असतं, पण तो घातक आहे. भाषा चांगली दिसली की माणूस निर्धास्त होतो.

मंडळासाठी मला एक पान तयार करायचं आहे. मोठ्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला मावेल एवढं. त्यात काय असावं? आणि एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर तुम्ही कोणती सांगाल?

पाणकावळा
जो मेल घाई करायला लावतो त्याला आजिबात घाईने उत्तर द्यायचं नाही. बास, एवढंच.

मृदुला_७
पाणकावळा +१. 'तातडीचे' असं लिहिलेला मेल मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी उघडते. आजवर कुणाचं काही अडलं नाही :)

टपालकी
मी सांगेन: पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, पत्ता बघा. आणि पत्ताही पुरता खरा मानू नका.

कारण जरा मुळातून सांगतो. मेल पाठवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली ठरले. तेव्हा जाळ्यावर मोजक्या संस्था होत्या आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे 'प्रेषक' या रकान्यात कुणी काय लिहावं यावर काही बंधनच घातलं गेलं नाही. टपालाच्या पाकिटावर मागच्या बाजूला कुणाचंही नाव लिहिता येतं, तसंच हे. प्रेषकाचा पत्ता खरा आहे का हे तपासणारी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही सगळी ठिगळं खूप नंतर लागली.

फोनवर तर आणखी पंचाईत. तिथे बहुतेक ॲपमध्ये फक्त नाव दिसतं आणि पत्ता बघायला नावावर टिचकी मारावी लागते. 'ग्राहक सेवा विभाग' हे नाव कुणीही स्वतःला देऊ शकतो.

दुव्याचा पत्ता वाचायची रीतही पानावर हवीच. 'एचटीटीपीएस' आणि त्यामागच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्यापासून डावीकडे वाचत जायचं. रेघेला चिकटलेले शेवटचे दोन तुकडे ज्याचे, त्याची ती साइट. (काही देशांच्या पत्त्यांत शेवट दोन तुकड्यांचा असतो, तिथे तीन बघायचे.) म्हणजे 'माझीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट' असं असेल तर ती साइट 'खातेतपासणी डॉट नेट'ची. बँकेचं नाव पुढे नुसतं शोभेला लावलंय. माणूस डावीकडून वाचतो, ओळखीचं नाव दिसलं की थांबतो, आणि नेमकं तेवढ्यावरच त्यांचं काम होतं.

अनघड
छान समजावलंत. आणि ते कुलपाचं चिन्ह? ते असलं की साइट सुरक्षित ना?

टपालकी
@अनघड, नाही. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. समोर कोण बसलंय याची हमी त्यात नाही. आता भामट्यांच्या साइटनाही कुलूप असतं, कारण प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं.

रात्रपाळी
मी मदतकक्षात काम करतो, त्यामुळे हे प्रकार रोज बघतो. टपालकींचं सगळं बरोबर आहे, तरीही यातलं काहीही त्या पानावर घालू नये असं मला वाटतं.

पहिलं कारण: पत्ता वाचायला शिकवलं तरी नजर फसते. इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवले की लहान अक्षरांत 'एम' दिसतो. फोनच्या पडद्यावर तर माझाही भरवसा नाही. त्याहून वाईट म्हणजे वेगळ्या लिप्यांतली सारखी दिसणारी अक्षरं. २०१७ मध्ये झूडोंग झेंग या संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून 'ॲपल डॉट कॉम'सारखा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता. तेव्हाच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये डोळ्यांनी फरक कळणं अशक्य होतं.

दुसरं कारण: जाणकारही सापडतात. ट्रॉय हंट हे नाव या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. कुठल्या गळतीत आपला मेलपत्ता सापडला हे बघायची 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट त्यांचीच. मार्च २०२५ मध्ये त्यांनाच मेलचिंप या वार्तापत्रं पाठवायच्या सेवेच्या नावाने बनावट मेल आला. प्रवासाने थकलेले होते, पासवर्ड टाकला, वर एकवेळचा कोडही टाकला, आणि त्यांच्या वार्तापत्राच्या जवळपास १६,००० वाचकांचे पत्ते गेले. हे त्यांनी स्वतःच लगेच जाहीर लिहिलं. त्यांना फिशिंगविषयी, म्हणजे अशा बनावट मेलच्या गळाविषयी, कुणी काय शिकवणार?

म्हणून 'नीट बघा, म्हणजे ओळखता येईल' हा पायाच कच्चा आहे. कधी ना कधी प्रत्येकाचं लक्ष चुकतंच. माझा एक नियम: मेलमधला दुवा वापरायचाच नाही. खात्याची काळजी वाटतेय ना, मग मेल बंद करा, ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करा नाहीतर नेहमीचं ॲप उघडा. खरंच काही असेल तर तिथे सूचना दिसेलच. मेल खरा होता की खोटा हे ठरवायची गरजच उरत नाही.

पाणकावळा
@रात्रपाळी, हे पटलं. 'ठरवायची गरजच उरत नाही' हे फार महत्त्वाचं. मेल ओळखण्याच्या परीक्षेला बसायचंच नाही.

टपालकी
@रात्रपाळी, पूर्ण सहमत नाही. प्रत्येक मेलचा दुवा टाळता येत नाही. पासवर्ड बदलायचा दुवा मेलमधूनच येतो, नव्या खात्याची पुष्टीही तशीच.

रात्रपाळी
बरोबर, पण ते मेल आपण स्वतः मागवलेले असतात, तेही त्याच क्षणी. न मागता आलेला पासवर्ड बदलायचा मेल म्हणजे दुव्याला हात न लावण्याचं आणखी एक कारण. ओळ अशी करू: 'न मागता आलेल्या मेलमधला दुवा वापरू नका.'

अनघड
ट्रॉय हंट यांच्याकडे पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारं ॲप, नव्हता का?

रात्रपाळी
होता, आणि तीच शिकण्यासारखी गोष्ट आहे. पासवर्ड मॅनेजर साइटचा पत्ता अक्षरशः जुळवून बघतो. बनावट साइटवर त्याने पासवर्ड आपोआप भरला नाही. तोच खरा इशारा होता. पण काही खऱ्या साइटसुद्धा लॉगिनला वेगळा पत्ता वापरतात, त्यामुळे 'भरला नाही, असेल काहीतरी' याची माणसाला सवय झालेली असते. म्हणून मी लोकांना सांगतो, नेहमी भरणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाकू नका. तिथेच थांबा.

हिशेबनीस
तुम्ही सगळे पासवर्डवर अडकलात. मी लेखा विभागात आहे. आमच्याकडे येणाऱ्या फसव्या मेलमध्ये ना दुवा असतो ना जोडपत्र. साधा मजकूर असतो: 'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढची रक्कम खालील खात्यात जमा करावी.' वर ओळखीच्या पुरवठादाराचं नाव, खाली खऱ्या बिलाचा क्रमांक. काही वेळा पुरवठादाराचीच मेलपेटी फोडलेली असते, म्हणजे पत्ताही खरा आणि आधीचा पत्रव्यवहारही खरा. अशा मेलला टपालकींच्या सगळ्या तपासण्या लावा, मेल उत्तीर्ण होईल.

यात मोठमोठे सापडलेत. एव्हाल्डस रिमासाउस्कस या लिथुआनियाच्या माणसाने २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक या दोघांकडून मिळून १२ कोटी डॉलरहून अधिक उकळले. युक्ती काय? या दोघांना माल पुरवणाऱ्या क्वांटा या तैवानी कंपनीच्याच नावाची कंपनी त्याने लाटव्हियात नोंदवली आणि बिलं पाठवत राहिला. कुठलंही संगणकी कौशल्य लागलं नाही. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली.

आमचा नियम दगडावरची रेघ आहे. खातं बदलल्याचं पत्र आलं की आपल्या जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नाही. समोरचा रागावला तरी चालेल, साहेबांनी 'आत्ताच्या आत्ता' म्हटलं तरी चालेल. आणि साहेबांनीही हे मान्य केलेलं असायला हवं, नाहीतर बिचाऱ्या कारकुनाने कुणाच्या जोरावर नाही म्हणायचं?

मृदुला_७
@हिशेबनीस, शेवटचं वाक्य फार मोलाचं. नियम पाळणाऱ्याला ओरडा बसत असेल तर तो नियम टिकत नाही.

जुनाखलाशी
बिनदुव्याचे हे प्रकार मेलच्याही आधीचे. एकोणिसाव्या शतकात 'स्पॅनिश कैदी' नावाची पत्रं यायची. स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत माणूस अडकला आहे, त्याला सोडवायला थोडे पैसे पाठवा, सुटला की तो तुम्हाला मालामाल करील. पैसे पाठवले की नवी अडचण, मग आणखी पैसे. पुढे वारसाहक्काचे आणि नायजेरियन राजपुत्राचे मेल आले ते याच साच्यातले.

आणि २०००च्या मे महिन्यातलं ते प्रेमपत्र आठवतंय का कुणाला? विषय 'आय लव्ह यू', सोबत मजकुराची फाइल वाटावी असं जोडपत्र. विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट लपवायचं, त्यामुळे ती मुळात 'व्हीबीएस' म्हणजे चालणारा प्रोग्राम आहे हे दिसायचंच नाही. उघडला की तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तुमच्या नावाने तेच पत्र. लोक फसले कारण पाठवणारा खरोखर ओळखीचा होता. 'अनोळखी मेल उघडू नका' हा सल्ला तेव्हाच अपुरा ठरला होता.

अनघड
एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. ते राजपुत्राचे मेल इतके बाळबोध का असतात? जरा बरं लिहिलं तर जास्त लोक फसतील ना?

जुनाखलाशी
@अनघड, यावर मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये निबंधच लिहिलाय. मेल लाखो लोकांना पाठवणं फुकट असतं, खर्च असतो तो उत्तर देणाऱ्यांशी पुढे आठवडेच्या आठवडे बोलत बसण्याचा. मध्येच शहाणा होऊन निघून जाणारा माणूस त्यांना परवडत नाही. मग पहिलाच मेल असा लिहायचा की शंकेखोर माणसं तिथेच गळून पडतील आणि उरतील ते शेवटपर्यंत येतील.

निळी_शाई
हे माझ्या मूळ मुद्द्याला धरूनच आहे! म्हणजे आपण ज्या चुकांवरून मेल ओळखत होतो त्या काही प्रकारांत गाळणी म्हणूनच ठेवलेल्या असतात, आणि पासवर्ड चोरणाऱ्या मेलमध्ये त्या नसतातच.

मृदुला_७
एक वेगळा प्रकार राहिला. माझ्या मैत्रिणीला मेल आला, विषयाच्या ओळीतच तिचा खरा पासवर्ड. खाली, 'तुझ्या संगणकाच्या कॅमेऱ्यातून तुझं चित्रण केलं आहे, बिटकॉइन पाठव, नाहीतर सगळ्या ओळखीच्यांना पाठवीन.' ती दोन रात्री झोपली नाही. मला सांगायलासुद्धा लाजत होती, आणि काही केलेलं नसतानाही आपलंच काहीतरी चुकलं असेल असं तिला वाटत राहिलं. या लोकांचा मला मनस्वी संताप येतो.

शेवटी तिच्याबरोबर बसून बघितलं तर तो पासवर्ड तिने कधीच सोडून दिलेल्या एका जुन्या साइटचा. ती साइट कधीतरी फुटली, यादी बाहेर आली, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाला हाच मेल. चित्रण वगैरे काही नसतं. पैसे पाठवू नका, उत्तर देऊ नका. तो पासवर्ड आणखी कुठे वापरात असेल तर तेवढा बदला. आणि कुणालातरी सांगा, एकट्याने सोसू नका.

रात्रपाळी
@मृदुला_७, तुमचं शेवटचं वाक्य पानावर यायलाच हवं. आमच्याकडे येणारी माणसं उशिरा येतात ती लाजेपोटी. पहिल्या तासात आली तर कितीतरी वाचवता येतं.

अनघड
मग पहिल्या तासात करायचं काय? समजा दाबला दुवा.

रात्रपाळी
काय झालं त्यावर अवलंबून आहे. नुसता मेल उघडला तर सहसा काही होत नाही. दुवा दाबून पान उघडलं पण काहीच भरलं नाही, तर पान बंद करा, ब्राउझर आणि फोन अद्ययावत आहेत ना ते बघा.

पासवर्ड भरला असेल तर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून खऱ्या साइटवर जाऊन बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही. मग 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरा, कारण चोर आधीच आत शिरलेला असू शकतो.

पासवर्ड मेलचाच गेला असेल तर एक जागा हमखास बघा: सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग. चोर तिथे नियम लावून ठेवतो. 'बँक' शब्द असलेला मेल आला की माझ्याकडे पाठव आणि इथून पुसून टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो, आणि मालकाला महिनोन् महिने कळत नाही की आपल्याला काही मेल येतच नाहीयेत. पुनर्प्राप्तीचा फोन क्रमांक आणि दुसरा मेलपत्ता आपलाच आहे ना, तेही बघा.

तिसरं, परवानगी दिलेली ॲप. मे २०१७ मध्ये 'गूगल डॉक्स' असं नाव लावून एक खोटं ॲप मेलमधून पसरलं. त्याने पासवर्ड मागितलाच नाही. गूगलच्या खऱ्या पानावर नेऊन 'माझा मेल वाचायची परवानगी दे' एवढंच विचारलं. लोकांनी दिली. अशा वेळी पासवर्ड बदलून भागेलच असं नाही, ती परवानगी काढून घ्यावी लागते.

आणि पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. सगळ्यांत आधी बँकेला फोन, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर.

पाणकावळा
एकवेळचा कोड असताना चोर आत शिरतो कसा? कोड तर अर्ध्या मिनिटात बदलतो.

टपालकी
@पाणकावळा, बनावट साइट मध्यस्थाचं काम करते. तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि कोड ती त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकते आणि आत शिरते. कोडला कुठे माहीत असतं की तो कुठल्या पानावर टाकला जातोय. पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबी सुरक्षा किल्लीचं तसं नाही. ती साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, बनावट पत्त्यावर उत्तरच देत नाही. गूगलने २०१७च्या सुरुवातीपासून कर्मचाऱ्यांना किल्ली सक्तीची केली आणि २०१८ मध्ये सांगितलं की तेव्हापासून ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही कामाचं खातं फिशिंगने गेलं नाही.

@रात्रपाळी, इथे मी तुमच्या बाजूला येतो. माणसाच्या नजरेपेक्षा हे उपाय भक्कम आहेत. तरी ज्यांच्याकडे पासकी नाही त्यांच्यासाठी कोड असणं नसण्यापेक्षा केव्हाही बरं. 'कोड फोडता येतो' हे ऐकून कुणी तो बंद करू नका.

हिशेबनीस
नवीन काळजी सांगू? २०२४च्या सुरुवातीला अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगच्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांच्या नावाने गुप्त व्यवहाराचा मेल आला. त्याला शंका आली होती, फिशिंगच वाटलं होतं. मग त्याला व्हिडिओ बैठकीला बोलावलं. तिथे वरिष्ठ, सहकारी सगळे दिसले, बोलले. सगळे बनावट. अडीच कोटी डॉलर गेले. म्हणजे 'शंका आली तर फोनवर बोलून बघा' हेही पुरत नाही. फोन आपण लावलेला हवा, आपल्याजवळच्या क्रमांकावर.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पानाचा कच्चा मसुदा:

'न मागता आलेल्या मेलमधला दुवा वापरू नका, जोडपत्र उघडू नका. पत्ता स्वतः टाइप करा किंवा नेहमीचं ॲप उघडा.
पैसे, पासवर्ड किंवा कोड मागणारा मेल कुणाच्याही नावाने आला तरी आधी त्या माणसाला आपल्या वहीतल्या क्रमांकावर फोन करा.
नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड भरला नाही, तर थांबा.
काही चुकलं असं वाटलं तर लगेच सांगा. कुणी रागावणार नाही.'

टपालकींचा पत्ता वाचायचा धडा पानावर घेतला नाही. राग मानू नका. तो मी प्रत्यक्ष भेटीत, मोठ्या पडद्यावर दाखवणार आहे.

टपालकी
राग कसला, योग्यच केलंत.

जुनाखलाशी
मसुदा चांगला आहे. 'लगेच सांगा' म्हणजे कुणाला सांगा? तिथे नाव आणि फोन क्रमांक हवा.

रात्रपाळी
जुनाखलाशींशी सहमत. आणि ज्याचा क्रमांक तिथे असेल त्याच्यासाठीही एक सूचना. २०१६ मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने बनावट मेल आला. त्यांच्या कार्यालयाने तांत्रिक मदतनिसाला विचारलं. त्याने उत्तर दिलं, 'मेल खरा आहे, लगेच पासवर्ड बदला', आणि सोबत गूगलचा खरा दुवाही दिला. त्याला 'खरा नाही' असं लिहायचं होतं असं त्याने नंतर सांगितलं. पण तोवर बनावट मेलमधलाच दुवा दाबला गेला होता. विचारणारा घाबरलेला असतो, तो उत्तरातली पहिली ओळ वाचतो. तेव्हा लेखी उत्तर देऊच नका. फोन उचला आणि म्हणा, 'तो मेल पुसून टाका, मी फोनवर आहे, आपण दोघं मिळून खातं बघू.'

निळी_शाई
माझा क्रमांक घालते, आणि मी नसेन तेव्हासाठी आणखी एकीचा. दोघींनाही हे आधी समजावून ठेवते.

मृदुला_७
हे पान मेलला जोडून पाठवू नका हं! पहिल्याच ओळीत जोडपत्र उघडू नका म्हटलंय :) छापून हातात द्या.

निळी_शाई
छापूनच देणार. पुढच्या बैठकीला.

अनघड
आमच्या कार्यालयात लावलं तर चालेल का? आणि टपालकी, ते एसपीएफ वगैरे फोनवर कुठे दिसतं? मला सापडलं नाही.

निळी_शाई
@अनघड, जरूर लावा. क्रमांक तेवढे तुमचे घाला.

टपालकी
फोनच्या बऱ्याच ॲपमध्ये ते पूर्ण दिसत नाही. संगणकावर जीमेल उघडून मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'मूळ मेल दाखवा' असा पर्याय आहे, तिथे वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यापुढे 'पास' किंवा 'फेल' लिहिलेलं असतं. 'फेल' असेल तर सावध व्हा. 'पास' असेल तर एवढंच समजा की मेल खरोखर त्या पत्त्यावरून आलाय. तो पत्ता चोराने स्वतः विकत घेतलेला असला तरी 'पास'च येतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केलेत, त्यामुळे खऱ्या कंपन्यांच्या मेलमध्ये आता 'फेल' सहसा दिसत नाही. आणि तिथेच एक 'रिप्लाय-टू' ओळ बघा. पाठवणारा एक आणि उत्तर जाणार भलत्याकडेच, असं दिसलं तर मी त्या मेलवर विश्वास ठेवत नाही.